मोटारसायकलचा टायर बदलताना चाक घरी काढावे की गाडीच दुकानात न्यावी?

मोटारसायकलचा टायर बदलणे हे दिसायला एक काम असले, तरी त्यात दोन वेगळी कामे दडलेली असतात. गाडीतून चाक काढणे आणि ते परत बसवणे हे पहिले, तर रिमवरून जुना टायर उतरवून नवा चढवणे हे दुसरे. गाडी दुकानात सोडली की दोन्ही कामे एकाच बिलात उरकतात, त्यामुळे त्यांतला फरक सहसा लक्षात येत नाही. प्रत्यक्षात त्यांना लागणारी हत्यारे वेगळी, कसब वेगळे आणि हात चुकला तर होणारे नुकसानही वेगळे असते. पहिले काम मधला स्टँड असलेल्या १०० ते ३५० सीसीच्या बहुतेक गाड्यांवर अंगणात होऊ शकते. दुसरे काम, विशेषतः ट्यूबलेस टायर आणि अलॉय रिम असल्यास, यंत्र असलेल्या दुकानाकडेच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मजुरी वाचते म्हणून चाक घरी काढावे, असा सल्ला कोणी दिला तर तो मनावर घेऊ नये. आपल्याकडे टायर बसवण्याची मजुरी टायरच्या किमतीपुढे किरकोळ असते आणि लागणारे पाने नव्याने विकत घ्यायचे झाले तर पहिल्या खेपेला पैसे उलट जास्तच जातात. चाक स्वतः काढण्याचे कारण वेगळे आहे. गर्दीच्या दुकानात टायर रिमवर बहुधा नीटच चढतो. राहून जातात त्या गोष्टी चाक गाडीत परत बसवतानाच्या असतात. ॲक्सलवरचा (चाकाच्या आसावरचा) एखादा बुश, म्हणजे अंतर राखणारी नळी, उलटा बसतो, टॉर्क आर्मची, म्हणजे ब्रेक प्लेट जागी धरणाऱ्या पट्टीची, स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुहेरी तार) जुनीच वाकवून घातली जाते, चेन गरजेपेक्षा जास्त ताणली जाते किंवा मागच्या ब्रेकची दांडी जेमतेम दोन आटे फिरवून सोडून दिली जाते. हे सारे जिवाशी खेळणारे आहे, आणि ज्याला ती गाडी उद्या सकाळी चालवायची आहे तो माणूस त्याकडे अधिक सावकाश लक्ष देतो. शिवाय चाक हातात आल्यावर बेअरिंग, हब रबर (चाकाच्या मध्यात धक्के शोषणारे रबर), ब्रेक लायनर आणि चेनची मागची चक्री या चार वस्तूंची तपासणी आपोआप होते, जी दुकानात कोणी सांगितल्याशिवाय करत नाही.

तरीही काही गाड्यांचे चाक घरी काढू नये. बहुतेक गिअरलेस स्कूटरमध्ये मागचे चाक काढण्यासाठी आधी सायलेन्सर उतरवावा लागतो, त्याचे गंजलेले बोल्ट तुटण्याची भीती असते आणि चाकाचा मधला नट बराच घट्ट असतो. त्यामुळे अशी स्कूटर थेट दुकानातच न्यावी. मधला स्टँड नसलेल्या गाडीला मागच्या चिमट्याखाली (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांखाली) लावायचा पॅडॉक स्टँड लागतो. तो नसेल तर विटा रचून किंवा गाडी झाडाला बांधून प्रयोग करू नयेत. एक गंमत म्हणजे, आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या जुन्या बजाज चेतकच्या काळात नटांनी जोडलेल्या दोन पाळ्यांची रिम आणि सोबत स्टेपनी असल्यामुळे घरोघरी ही विद्या होती. नट उघडण्याआधी हवा पूर्ण काढायची एवढे पथ्य पाळले की रस्त्याच्या कडेला पाऊण तासात काम आटोपत असे. आजच्या गाड्यांचे टायर कितीतरी सुधारले, पण ते मालकाच्या हातापासून दूर गेले हेही खरे.

टायर खरोखर बदलायचा आहे का, आणि कोणता घ्यायचा

टायरच्या बाजूवर लहान त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे असतात. त्या खुणेच्या रेषेत नक्षीच्या खाचेत डोकावले की तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकी आणि तीनचाकी वाहनांसाठी नक्षीची किमान खोली ०.८ मिमी, तर इतर मोटार वाहनांसाठी १.६ मिमी सांगितली आहे. ही कायद्याची किमान मर्यादा आहे. कोकणात किंवा घाटात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याने तिच्यापर्यंत थांबू नये, कारण पाणी बाजूला सारण्याचे काम खाचाच करतात आणि त्या उथळ झाल्या की ओल्या वळणावर पकड आधी जाते. नक्षी शिल्लक असूनही बाजूला बारीक भेगा दिसत असतील, कुठे फुगवटा आला असेल किंवा आतले धागे दिसत असतील, तर टायर त्याच आठवड्यात बदलावा. बदलायचाच असेल तर मे महिना सोयीचा असतो. उन्हाने रबर मऊ असल्याने टायर सहज चढतो आणि पहिला पाऊस येईपर्यंत नव्या टायरचा वरचा गुळगुळीत थर निघून गेलेला असतो.

जुन्या टायरवरचे आकडे वाचून मगच नवा घ्यावा. समजा त्यावर १००/९०-१७ ५५पी असे लिहिले आहे. यातले १०० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ९० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ९० टक्के, आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढचा ५५ हा भाराचा निर्देशांक असून त्याचा अर्थ २१८ किलो होतो, तर पी या अक्षराचा अर्थ ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. नव्या टायरचा भार आणि वेग मूळ टायरइतका किंवा त्याहून अधिक असावा, कमी कधीच नसावा. दिसायला छान म्हणून एक माप रुंद टायर घालण्याची जी हौस असते, तिला मी विरोधच करीन. अरुंद रिमवर रुंद टायर दाबला गेला की त्याचा कमानीसारखा आकार बिघडतो, वळणावर तो अपेक्षेप्रमाणे झुकत नाही आणि कधी चेन कव्हरला तर कधी टॉर्क आर्मला घासतो.

टायर कधी तयार झाला हे बाजूवरच्या चौकटीतल्या शेवटच्या चार अंकांवरून समजते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे ३२२४ असे असेल तर तो २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला आहे. खपाच्या मापाचा टायर असेल तर वर्षाच्या आतला आग्रहाने मागावा. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होत जाते. आयएसआय चिन्ह पाहावे, बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि टायर दुसरीकडून किंवा ऑनलाइन मागवला असेल तर तो बसवून द्याल का, हे दुकानात आधी विचारून ठेवावे. काही दुकानदार बाहेरचा टायर हातात घेत नाहीत.

हत्यारे आणि जागा

गाडीच्या टूलकिटमधल्या पातळ पत्र्याच्या पान्यावर भरवसा ठेवू नये. ॲक्सलच्या नटाच्या मापाचा चांगला रिंग पाना किंवा लांब दांड्याचा गोटी पाना, दुसऱ्या बाजूचे ॲक्सलचे डोके धरण्यासाठी आणखी एक पाना, पक्कड, रबरी किंवा लाकडी हातोडी, गंज सोडवणारा स्प्रे, थोडे ग्रीस, जुने फडके, नव्या स्प्लिट पिना आणि हवेचा दाब मोजायचे स्वतःचे मापक एवढे साहित्य पुरते. ॲक्सलच्या नटाचे माप गाडीप्रमाणे बदलते, म्हणून आधी मोजावे आणि मग पाना घ्यावा. बाराकोनी पाना थोडा जरी सैल असला तरी नटाचे कोपरे गोल करून टाकतो, तेव्हा षटकोनी गोटीच घ्यावी. जमल्यास टॉर्क पाना उसना का होईना मिळवावा, कारण नट किती घट्ट करायचा याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो आणि हाताच्या अंदाजाने तो क्वचितच साधतो. जुन्या पुस्तिकेत हाच आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल, तर एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण ९.८ न्यूटन-मीटर धरावे.

जागा सपाट आणि कठीण हवी. मातीत मधला स्टँड एका बाजूने रुततो. एका वेळी एकच चाक काढावे आणि सोबतीला एक माणूस असावा. मडगार्डखालून चाक बाहेर घेताना गाडी किंचित कलती करावी लागते आणि ते एकट्याने करण्यात शहाणपणा नाही.

मागचे चाक काढणे

सर्वप्रथम दोन्ही बाजूंनी जवळून छायाचित्रे घ्यावीत. कोणता बुश कोणत्या बाजूला, वॉशर आत की बाहेर, ब्रेकच्या दांडीवर नट किती आट्यांवर आहे आणि चेनच्या खुणा कोणत्या रेषेवर आहेत, हे सगळे त्यात दिसायला हवे.

त्यानंतर गाडी जमिनीवर दोन्ही चाकांवर उभी असतानाच ॲक्सलचा नट थोडा सैल करावा. गाडी मधल्या स्टँडवर चढवून मग जोर लावला तर ती पुढे ढकलली जाऊन स्टँडवरून उतरू शकते, आणि असे अपघात नेमके याच टप्प्यावर होतात. नट हलत नसेल तर स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. नटाला स्प्लिट पिन असेल तर ती आधी सरळ करून काढावी आणि टाकून द्यावी.

आता गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. ड्रम ब्रेक असेल तर दांडीच्या टोकाचा नट काढून दांडी मोकळी करावी, आणि तिच्यावरची स्प्रिंग, पिन व नट लगेच त्याच दांडीवर परत चढवून ठेवावेत म्हणजे काही हरवत नाही. मग टॉर्क आर्मचा नट काढावा. ब्रेक प्लेटपासून चिमट्यापर्यंत जाणारी ही साधी पट्टी ब्रेक दाबल्यावर प्लेटला चाकाबरोबर फिरू देत नाही. ती सुटली तर प्लेट फिरते, दांडी वाकते आणि चाक जाम होते. म्हणून परत बसवताना या एका नटावर दोनदा नजर टाकावी.

मागे डिस्क असेल तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, सोडवल्यावर तो नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने चिमट्याला बांधावा. दोन पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा सरकवावा आणि चाक बाहेर असेपर्यंत ब्रेकला कोणी हात किंवा पाय लावणार नाही याची खबरदारी घ्यावी. मध्ये डिस्क नसताना ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात, आणि ते परत ढकलणे हे निराळेच काम होऊन बसते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोराच्या ब्रेकने चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे असल्यामुळे चाकाजवळ बारीक खाचांची एक गोल चकती आणि तिच्यासमोर सेन्सर दिसू शकेल. सेन्सरची तार ताणली जाऊ नये आणि त्या चकतीवर हत्यार आपटू नये.

यानंतर दोन्ही बाजूंचे चेन ताणण्याचे बोल्ट सारखेच आटे सैल करावेत. किती फिरवले ते कागदावर लिहून ठेवावे. ॲक्सलचा नट पूर्ण काढून ॲक्सल बाहेर सरकवावा. तो अडकला असेल तर नट टोकाशी समपातळीत फिरवून त्यावर रबरी हातोडीने ठोके द्यावेत. उघड्या आट्यांवर लोखंडी हातोडी मारली की आटे चेपतात आणि नट पुन्हा चढत नाही. ॲक्सल बाहेर येताना चाकाखाली पायाचा आधार द्यावा, म्हणजे चाक एकदम खाली आपटत नाही आणि बुश कुठे होता तेही पाहता येते.

पुढची पायरी गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. बऱ्याच भारतीय गाड्यांत मागची चक्री वेगळ्या नटाने चिमट्यालाच धरलेली राहते आणि चाक तिच्यापासून हब रबरांतून बाजूला सरकवता येते. तिथे चेनला हात लावावाच लागत नाही. इतर गाड्यांत चाक पुढे ढकलून चेन चक्रीवरून उतरवावी लागते. चेनची कडी तोडून जोडण्याचा पर्याय शेवटचा समजावा, आणि तसे करावेच लागले तर जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे. शेवटी सोबत्याने गाडी हलकेच कलती धरावी आणि चाक मडगार्डखालून बाहेर घ्यावे.

पुढचे चाक

मागचे चाक काढल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकावर आणि स्टँडवर राहतो, त्यामुळे ती सहसा स्थिर उभी राहते. पुढचे काढले की मात्र ती नाकावर पडते. म्हणून इंजिनाखाली, फ्रेमच्या भक्कम भागाला लागेल असा जॅक आणि त्यावर लाकडी फळी ठेवूनच हे काम सुरू करावे. सायलेन्सरच्या नळीला किंवा तेलाच्या बोल्टला आधार देऊ नये. फोर्कच्या तळाशी ॲक्सल आवळून धरणारा लहान बोल्ट असेल तर तो आधी सैल करावा. पुष्कळ गाड्यांत स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकाच्या वर्मला (चाकाची गती केबलला देणाऱ्या दातेरी भागाला) जोडलेली असते, ती काढून बाजूला ठेवावी. वर्मच्या आतल्या दोन जिभा हबच्या दोन खाचांत बसतात. परत जोडताना त्या खाचांत न बसवता ॲक्सल आवळला तर जिभा चेपतात आणि मीटर बंद पडतो. ड्रम ब्रेकच्या प्लेटवर फोर्कच्या उंचवट्यात अडकणारी एक खाच असते, तिचे महत्त्व मागच्या टॉर्क आर्मइतकेच आहे.

चाक हातात आले की

दुकानात जाण्याआधीची ही पाच-दहा मिनिटे या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची आहेत. बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवावे. ते खरखरले किंवा अडखळले तर बेअरिंग बदलायला झाले आहे. हब रबरांच्या फटी वाढल्या असतील, ती कडक किंवा चुरा झाली असतील, तर गिअर टाकताना बसणारा जो धक्का तुम्ही चेनच्या माथी मारत होता त्याचे कारण बहुधा तिथेच आहे. चक्रीचे दात एका बाजूला कलून टोकदार झाले असतील तर चेन आणि दोन्ही चक्र्या एकत्र बदलाव्या लागतात. ब्रेक लायनरची जाडी पाहावी, पण ड्रममधली धूळ तोंडाने किंवा कंप्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ती फुप्फुसात जाणे घातक आहे. रिम फिरवून तिला कुठे चेप आला आहे का ते पाहावे आणि आऱ्यांचे चाक असेल तर प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकेच टिचकी मारावी. ज्याचा आवाज बद्द येतो तो आरा सैल आहे.

टायर दुकानातच का चढवावा

टायरची कड, जिला दुकानात बीड म्हणतात, आतल्या पोलादी तारेमुळे ताणली जात नाही. ती रिमवर चढते ते एकाच युक्तीने. रिमच्या मध्यभागी एक खोलगट भाग असतो. कडेची एक बाजू त्या खोलगटात दाबून ठेवली की समोरच्या बाजूला तेवढी सैल जागा मिळते आणि कड रिमच्या काठावरून पलीकडे जाते. ही गोष्ट कळली नाही तर माणूस लिव्हरवर नुसता जोर लावत राहतो आणि शेवटी कडेची तार मोडते किंवा अलॉय रिमचा काठ चिरतो. ट्यूबलेस चाकात त्या चिरेतून हवा झिरपत राहते. जुना टायर रिमपासून सोडवणेही सोपे नसते, कारण ट्यूबलेस टायरची कड रिमला घट्ट बसलेली असते आणि ती सोडवायला दुकानातले हवेच्या दाबावर चालणारे यंत्र काही क्षण घेते, तर घरी त्यासाठी अर्धा दिवस जाऊ शकतो. नवा टायर हवेच्या एकदम झोताने जागेवर बसवावा लागतो आणि पायपंपाने तेवढा झोत मिळत नाही.

ट्यूब असलेल्या आऱ्यांच्या चाकावर मात्र घरी हात चालवून पाहायला हरकत नाही. टायर आधी अर्धा तास उन्हात ठेवावा, आऱ्यांच्या डोक्यांवरची रबरी पट्टी जागेवर आहे याची खात्री करावी, नव्या ट्यूबला आकार येईल इतकीच हवा भरावी, टाल्कम पावडर लावावी आणि शेवटचा भाग नेहमी व्हॉल्व्हच्या जागेपाशी चढवावा. लिव्हर खोल घातला की ट्यूब चिमटली जाते, म्हणून त्याचे टोक रिमच्या काठापुरतेच आत जावे. नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालण्याची काटकसर करू नये. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते, आत घडी पडते आणि त्या घडीवर ती फाटते.

आता चाक दुकानापर्यंत नेण्याचा प्रश्न. हा भाग लेखांतून सहसा सुटतो आणि प्रत्यक्षात तिथेच बेत फसतो, कारण गाडी तर स्टँडवर उघडी पडलेली असते. शेजाऱ्याच्या स्कूटरची पायाखालची जागा यासाठी उत्तम. डिस्क असलेली बाजू नेहमी वर ठेवावी, चाक डिस्कवर आडवे टाकू नये. आणि दुकान उघडे आहे, आपल्या मापाचा टायर तिथे आहे, हे फोन करून विचारल्याशिवाय पहिला नट सैल करू नये.

दुकानात काम चालू असताना जवळ उभे राहावे. गाडीच दिली असेल तरी हेच लागू. यंत्राच्या पकडींना प्लास्टिकची टोपणे आहेत का ते पाहावे. डिस्क किंवा एबीएसची चकती ज्या बाजूला आहे ती यंत्राच्या दाबाखाली येऊ देऊ नये. कडेला साबणाचे पाणी किंवा टायरसाठीचीच पेस्ट लावावी, इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू देऊ नये. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह टायरबरोबर नवा घालावा. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण चाकाच्या दिशेशी जुळायला हवा. सुटे चाक दिले की दुकानदाराला ती दिशा कळत नाही, म्हणून घरूनच रिमवर खडूने बाण काढून न्यावा. काही टायरवर रंगीत ठिपका असतो, तो बहुधा टायरचा हलका भाग दाखवतो आणि व्हॉल्व्हजवळ ठेवला जातो. हवा भरताना कड जागेवर बसल्याचे दोन ठसठशीत आवाज येतात. दाब ४० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) नेऊनही ती बसली नाही तर दाब वाढवत नेऊ नये, हवा काढून पुन्हा साबणपाणी लावून सुरुवात करावी. शेवटी टायरच्या बाजूवरची रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे रिमपासून सारख्याच अंतरावर आहे का ते चाक फिरवून तपासावे, आणि व्हॉल्व्हवर फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना तेही पाहावे.

बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करण्याची, सोय मोटारसायकलसाठी सगळ्याच दुकानांत नसते. शहरातल्या वेगात ती नसल्याचे फारसे जाणवत नाही, पण महामार्गावर पुढचे चाक थरथरत असेल तर हे काम साध्या रीतीने घरीही होते. चाक ॲक्सलवर ठेवून ॲक्सलची दोन्ही टोके समान उंचीच्या आधारांवर टेकवावीत, चाक हलकेच फिरवून आपोआप थांबू द्यावे, आणि चाकाचा जो भाग दर वेळी खाली येऊन थांबतो त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे वर, रिमवर चिकटवायचे वजन लावावे.

परत बसवणे

काढण्याचा क्रम उलटा केला की काम झाले असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. ॲक्सल पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा, पण ते डिस्कला किंवा लायनरला लागू देऊ नये. छायाचित्र पाहून बुश बसवावेत. डिस्क असेल तर पॅड मागे सारून मधला पुठ्ठा काढावा आणि चाक उचलताना डिस्क पॅडच्या बरोबर मध्ये जाईल हे पाहावे. टॉर्क आर्म जोडून त्याची पिन नवी घालावी. चेन ताणण्याचे बोल्ट लिहून ठेवलेल्या आट्यांइतके परत फिरवावेत आणि दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेषेवर आहेत याची खात्री करावी. चेनचा सैलपणा खालच्या बाजूला मध्यावर मोजतात. आकडा पुस्तिकेतला घ्यावा. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांत तो २५ ते ३५ मिमीच्या आसपास असतो. चाक फिरवून तीन-चार जागी मोजावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि सर्वांत घट्ट जागेचे माप खरे धरावे.

ड्रम ब्रेक असेल तर ॲक्सलचा नट शेवटचा आवळताना सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे, म्हणजे लायनर ड्रमच्या मध्यावर येतात. नट टॉर्क पान्याने ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळून नवी स्प्लिट पिन घालावी. नट आवळल्यावर चेनचा सैलपणा पुन्हा मोजावा, कारण या वेळी तो थोडा बदलतो. ब्रेकची दांडी जोडून पेडल पुस्तिकेत दिले असेल तेवढेच खाली जाईल असे जुळवावे, चाक मोकळे फिरते का आणि मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का ते पाहावे. डिस्क ब्रेकचा लिव्हर किंवा पेडल गाडी स्टँडवरून उतरवण्याआधी घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावा. पॅड मागे सारलेले असल्यामुळे पहिल्या काही दाबांत ब्रेक लागतच नाही, आणि हे विसरून रस्त्यावर आलेल्या माणसाला ते पहिल्या चौकात कळते.

चारचाकीच्या बाबतीत मात्र माझा सल्ला उलटा आहे. तिथे चाक काढणे मोटारसायकलपेक्षा सोपे असले, तरी नवे टायर घातल्यावर बॅलन्सिंग आणि बहुधा अलाइनमेंटही (चाकांची दिशा जुळवणे) करून घ्यावे लागते, आणि अलाइनमेंटसाठी गाडीच दुकानात न्यावी लागते. तेव्हा चाके घरी काढून नेण्यात काही हशील नाही. फक्त दुकानातल्या माणसाने हवेच्या बंदुकीने आवळलेले नट आपल्यासमोर सैल करून टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्यावेत, म्हणजे पुढे रस्त्यात स्टेपनी बदलायची वेळ आली तर ते गाडीतल्या पान्याने सुटतील.

गाडी रस्त्यावर आणल्यावर आधी गल्लीत चालण्याच्या वेगाने दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहावेत. हवेचा दाब पुस्तिकेप्रमाणे टायर थंड असतानाच भरावा. बाजूवर कोरलेला मोठा आकडा कमाल भारासाठीचा असतो, तो रोजचा दाब समजू नये. पहिले १५० ते २०० किलोमीटर वळणात गाडी फार झुकवू नये आणि जोराचा ब्रेक टाळावा, कारण नव्या टायरचा पृष्ठभाग निसरडा असतो. साधारण ५० किलोमीटरनंतर ॲक्सलचा नट, टॉर्क आर्म आणि चेनचा ताण पुन्हा एकदा तपासावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाब मोजावा. तो रात्रीत दोन-तीन पीएसआयने उतरला असेल तर कडेला आणि व्हॉल्व्हला पुन्हा साबणाचा फेस लावून पाहावा, आणि बुडबुडे दिसले तर ते चाक त्याच दुकानात परत न्यावे.